ईशान्येची गंगा

चिंतामणरावांच्या दारापासून निघालेली रांग पिठाच्या गिरणीला वळसा घालून थेट चौकातल्या हापशापर्यंत गेली होती. हापसा तीन वर्षांपासून कोरडा आहे. त्याच्या ओट्यावर बसून बाया पाण्याची वाट पाहत होत्या, यात नवीन काही नव्हतं. नवीन एवढंच, की त्यांच्या हातात घागरी नव्हत्या, औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या.

"बोला, भिंतीतल्या गंगामाईचा..."

"विजय असो!"

आमचं शेलखेड मलकापूरहून एस.टी.नं पाऊण तासावर. इथे नळ नवव्या दिवशी येतो. नळाच्या दिवशी आमच्याकडे कोणी लग्न धरत नाही, कोणी परगावी जात नाही, शाळेचा निम्मा वर्ग रिकामा असतो. आठ दिवसांचे कपडे, गोधड्या, न्हाणं, संडास धुणं, सगळं त्या एका सकाळी. अशा गावात एका घराची भिंत आपोआप पाझरू लागली, तीही देवघराची, तीही नेमकी नळाच्याच दिवशी, तर लोक रांग लावतील नाहीतर काय करतील? मी मात्र हसलो. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस, चिंतामणरावांच्या घराला घर लागून, आणि मी दोन महिने नुसता हसत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

या भिंतीच्या आधी एक चकती आली होती. चिंतामणरावांची मुलगी निवेदिता पुण्यात नोकरीला असते. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या जमिनीतल्या टाक्याचा पाइप फुटला, कोणाला कळलं नाही, आणि नळ गेल्याच्या तिसऱ्या दिवशी टाकं कोरडं ठणठणीत. पुढचे सहा दिवस शकुंतलाबाई शेजारीपाजारी कळशी घेऊन फिरल्या. म्हणून दिवाळीला निवेदिता पाच पांढऱ्या चकत्या घेऊन आली. पेढ्याहून थोडी मोठी एकेक. खालच्या बाजूला पितळेचे दोन बारीक ठिपके. दोन्ही ठिपक्यांना पाणी लागलं, की चकती टिट्‌-टिट्‌ ओरडायची आणि फोनवर निरोप जायचा, अमुक खोलीत पाणी आहे. एक टाक्यापाशी, एक मोरीत, एक स्वयंपाकघरात, एक बेसिनखाली, आणि वरून पाइप जातो म्हणून एक देवघरात, चौरंगाच्या मागे. निरोप पोचवायला एक छोटी पेटी भिंतीच्या प्लगला लावली होती.

मार्चमध्ये, नळाच्याच दिवशी, शकुंतलाबाई आरती करत होत्या आणि चौरंगामागून टिट्‌-टिट्‌ सुरू झालं. त्यांनी वाकून पाहिलं तर भिंतीवर थेंब. ईशान्येची भिंत! निवेदिताचा पुण्याहून फोन आला, तर चिंतामणराव म्हणाले, "काही नाही वं, तुयं यंत्र बिघडलं. सेल काढून ठेवतो." तिला काम होतं, तिनंही ते खरं मानलं. सेल काढायचा मात्र राहूनच गेला.

दोन दिवसांनी नीरानंद महाराज दारात हजर.

हे महाराज आधी बोअरची जागा दाखवत फिरायचे. तळहातावर आडवा नारळ धरायचा, तो उभा राहिला की तिथे पाणी. आमच्या शिवारात त्यांच्या नारळानं दाखवलेल्या चार बोअरांपैकी तीन कोरड्या गेल्या. चौथीला लागलेलं पाणी मात्र ते अजून सांगतात. त्याच्याही आधी ते मलकापुरात मोटार वायंडिंगच्या दुकानात कामाला होते, आणि त्याच्याही आधी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर. तेव्हाचं नाव शेखर.

महाराजांनी भिंत पाहिली, बोट फिरवलं, डोळे मिटले. मग चकती उचलली, उलटीपालटी केली, आणि एकदम तिच्यापुढे लोटांगण घातलं. "शकुंतलामाय, हे यंत्र नोहे! ह्या देवीच्या पादुका होत! दोन पाह्य, दोन!" चकती उलटी करून तांब्याच्या ताम्हणात ठेवली गेली, तिला लाल दोरा बांधला गेला, ठिपक्यांना कुंकू लागलं. प्लगची पेटी मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं उपटली. म्हणे, "विजेच्या पेटीनं माय बिथरते."

तेव्हापासून दर नळाच्या दिवशी दरबार. भक्तानं भिंतीचं तीर्थ तळहातावर घ्यायचं, प्यायचं, आणि ओलं बोट पादुकांना लावायचं. टिट्‌-टिट्‌ झालं की महाराज दोन्ही हात वर करून ओरडायचे, "बोलली! माय बोलली! झालं तुयं काम!" एखादा नावडता असला, तर त्याचा हात आधी आपल्या भगव्या उपरण्यानं मायेनं पुसून द्यायचे. कोरडं बोट. चकती गप्प. "भाव कमी पडला बाप्पा. पुढच्या नळाले ये." पाणी उकळून प्या असं सांगत फिरणाऱ्या नर्सबाईंचा भाव असाच तीनदा कमी पडला. "गंगा उकळता?" महाराज म्हणाले. "मायले चटका देता?"

मी ओट्यावर बसून शेरे मारायचो. "चिंतामणराव, गंगेला मीटर बसवून घ्या. ग्रामपंचायत पाणीपट्टी लावेल." ते कसनुसं हसायचे. माझी बायको जयमाला एकदा बाटली भरून घेऊन आली, ती मी आमच्या घराच्या उंबऱ्यातच ओतून दिली. भिंत कशामुळे ओली होते याचा अंदाज मला पहिल्याच आठवड्यात आला होता. संक्रांतीनंतर चिंतामणरावांनी नवा संडास बांधला. ईशान्येला संडास नको म्हणून तो नैर्ऋत्येला घेतला, शास्त्राप्रमाणे अगदी. पण संडासाच्या टाकीला कोणी दिशा विचारली नाही. पाइप फिरवून टाकी खणली घरामागच्या बोळात, आणि बोळ नेमका देवघराच्या भिंतीपलीकडे. नळाच्या दिवशी आठ दिवसांचं पाणी एका सकाळी त्या टाकीत गेल्यावर ते कुठे जाणार? वाळूविटांतून गाळलं जाऊन थोडं थोडं अलीकडे येणार. दिसायला नितळ. वासाला धूप आणि कापूर होतेच.

हे मला कळलं होतं, आणि मी ते बायकोशिवाय कोणाशी बोललो नाही. शेजाऱ्याच्या देवघरात आपण कशाला तोंड घालायचं, असं म्हणालो. आमच्याकडे याला शहाणपण म्हणतात.

चिंतामणरावांचा मुलगा देवेश कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. त्याची बायको छाया. तिचं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. या खेपेला भिंत पाझरली तेव्हा तिला पाचवा लागला होता, आणि शकुंतलाबाईंना वाटलं, गंगा आली ती हिच्यासाठीच. महाराजांनी तिला रोज तीन वाट्या तीर्थ लावून दिलं, भांड्यात साठवून, न उकळता.

एप्रिलमध्ये एकदा मी परसात उभा असताना छाया मधल्या भिंतीपाशी आली. हातात वाटी होती. "सर, हे पाणी चांगलं असन नं?"

मी तिच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. पलीकडून शकुंतलाबाईंच्या बांगड्यांचा आवाज आला. "सासूबाई सांगतात तसं कर, पोरी," मी म्हणालो, आणि घरात निघून गेलो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आरोग्य केंद्राच्या डॉक्टर संजीवनी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "सर, या गल्लीत काविळीचे अकरा पेशंट आहेत. आणि छायाचे डोळे मी दारातून पाहिले. हळदीसारखे पिवळे. सातव्या महिन्यात ही पाण्यातली कावीळ आई-बाळाचं काय करते, तुम्हाला ठाऊक आहे? आजच्या आज अकोल्याला न्यायला पाहिजे. मला आत येऊ दिलं नाही."

मी चप्पल न घालताच शेजारी गेलो. छाया कॉटवर पडली होती, उलट्यांनी गळून गेलेली. उशाशी वाटी. देवेश भिंतीला टेकून उभा होता. महाराज खुर्चीवर बसले होते.

"डोळे पिवळे होणारच," ते शकुंतलाबाईंना समजावत होते. "देवीनं हळद लावली हाये तिले. उद्या नळ हाये, उद्या माय भरून येईन. उद्या ताजं तीर्थ पोटात गेलं का पोरगी उठून बसन. आता हलवलं तं माय रुसन. मंग मागच्यासारखं झालं तं मले बोलाचं नाही."

मागच्यासारखं. तो शब्द ऐकताच शकुंतलाबाईंनी सुनेच्या पोटावर हात ठेवला. मी टाकीचं सांगितलं, बोळाचं सांगितलं, काविळीचं सांगितलं. चिंतामणराव मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी शकुंतलाबाई म्हणाल्या, "मास्तर, दोन महिने तुमी फिदीफिदी हसले आमच्यावर. आता माई सून आजारी पडली तं पुन्हा मजाक कराले आले का?"

ज्या माणसाचं एकही वाक्य दोन महिन्यांत सरळ नव्हतं, त्याचं सरळ वाक्य कोण ऐकणार? बाहेर आलो आणि निवेदिताला फोन लावला. सगळं सांगितलं. "एक मिनिट," म्हणून तिनं फोनमधले जुने निरोप शोधले. मग म्हणाली, "काका, पहिला निरोप माझ्या फोनवर अजून आहे. देवघर, पाणी, अकरा वाजून वीस मिनिटं. मी विचारलं, आणि बाबांनी बिघडलंय म्हटल्यावर सोडून दिलं." ती मिळेल त्या गाडीनं निघाली. सकाळी सहाला मलकापूर स्टेशनवर उतरली ती तशीच शेलखेडला आली.

आईशी ती वाद घालत बसली नाही. वहिनीपाशी बसली, तिचा हात हातात घेतला, आणि देवेशला परसात बोलावून म्हणाली, "दादा, गाडी आताच सांगून ठेव, दारात उभी राहू दे. आई सोडत नाही तर मला दुपारपर्यंतचा वेळ दे. तू फक्त मी सांगते ते तुझ्या हातानं कर, आणि पाहा."

नळाला सात वाजता पाणी आलं. निवेदितानं पेटी पुन्हा प्लगला लावली, या वेळी आमच्या घरात. उरलेल्या चार चकत्यांपैकी तीन घेतल्या. एक बोळात टाकीच्या काठाला, दगडाखाली. दुसरी देवघराच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, पायाशी जरा माती उकरून. तिसरी आतून, देवघराच्या कोपऱ्यात, समईच्या मागे. जयमालेनं रंगपंचमीचा उरलेला हिरवा रंग दिला. देवेशनं तो सगळाच्या सगळा पुडा स्वतःच्या हातानं संडासात टाकला आणि वर सहा बादल्या ओतल्या. काऊन, कशासाठी, असं त्यानं एकदाही विचारलं नाही.

मग गावानं नेहमीप्रमाणे कपडे धुतले, गोधड्या धुतल्या, न्हाऊन घेतलं, आणि रांग लागली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी निवेदिताचा फोन वाजला. बोळ, टाकी, पाणी. दहा वाजून पाच मिनिटांनी दुसरा निरोप. बोळ, भिंतीचा पाया, पाणी. आत महाराजांचा दरबार रंगात आला होता. "शांत राहा! माय निघाली हाये! काशीवरून निघाली, प्रयागले थांबली, आता मलकापूर ओलांडून राह्यली!"

त्या दरबारात मला पहिल्यांदाच हसू आलं नाही. मी लोकांना म्हणालो, "माय मलकापूर ओलांडून नाही, चिंतामणरावांच्या संडासाची टाकी ओलांडून येते आहे. सव्वाअकराच्या सुमारास भिंतीत उतरेल. आणि आज ती हिरवी असेल. ऐकून ठेवा."

"मास्तरची मजाक," कोणीतरी मागून म्हणालं, आणि लोक हसले. मीच शिकवलेलं हसणं ते.

अकरा वाजून अठरा मिनिटांनी समईमागून टिट्‌-टिट्‌ झालं आणि भिंतीवर थेंब फुटले. सगळे पुढे सरसावले. थेंब खाली ओघळले. पोपटी होते.

मी महाराजांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पण बोअर कोरडी गेल्यावरही शेतकऱ्याला सामोरा जाणारा माणूस तो! त्यांनी दोन्ही हात वर केले. "आहाहा! हिरवा शालू नेसली माय! गर्भारपणाचा हिरवा शालू! सून वाचली हो, सून वाचली!"

"गंगामाईचा विजय असो!"

मास्तरकीत एक खोटी खात्री असते, की प्रयोग दाखवला की झालं. मी भाकीत केलं, ते डोळ्यांसमोर खरं ठरलं, आणि त्याचाही चमत्कार झाला.

गर्दीतून देवेश पुढे आला. शांत स्वभावाचा, चारचौघांत न बोलणारा पोरगा. "तो रंग म्या टाकला," तो म्हणाला. पहिल्यांदा कोणाला ऐकूच गेलं नाही. मग तो ओरडला. "संडासात टाकला! सकाळी! माह्या या हातानं! हे पाहा!" त्याच्या बोटांच्या पेरांत अजून हिरवा रंग होता. "हे संडासाचं पाणी हाये, आई. छायाले आपण संडासाचं पाणी पाजून राह्यलो."

निवेदितानं फोन पुढे धरला. टाकी नऊ दहा, पाया दहा पाच, देवघर अकरा अठरा. "आई, पाणी चालत आलंय. कुठून कुठे, किती वाजता, सगळं लिहिलेलं आहे."

शकुंतलाबाईंनी फोनकडे पाहिलं नाही. त्यांनी भिंतीखालची वाटी उचलली. तळाशी पोपटी पाणी साचलं होतं. ती दोन्ही हातांत धरून त्या महाराजांपुढे गेल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. अजूनही आशा होती, आणि ते पाहणं फार कठीण होतं.

"हे खोटं बोलत असतीन महाराज," त्या म्हणाल्या. "तुमी घ्या. एक घोट. मंग मी साऱ्यायले हाकलून देतो."

महाराज मागे सरकले. "माय, मले आज निर्जळी हाये."

"थेंबभर. जिभीले लावा फक्त."

ते आणखी मागे सरकले, चौरंगाला पाय लागून ताम्हण कलंडलं, आणि लाल दोऱ्याची चकती ओल्या फरशीवर पडून टिट्‌-टिट्‌ ओरडत राहिली. खुर्चीपाशी महाराजांची बाटली होती, मलकापूरहून येताना आणलेली, सीलबंद. दोन महिने ते तिथेच बसून तसल्याच बाटलीतलं पाणी पीत होते. आम्ही सगळ्यांनी ती दर दरबारात पाहिली होती. त्या दिवशी ती सगळ्यांना दिसली.

शकुंतलाबाईंच्या हातातून वाटी सुटली. "छायाले गाडीत घाल," त्या देवेशला म्हणाल्या. "धाव."

गर्दी महाराजांवर धावली तेव्हा मीच मध्ये पडलो. मारून काय होणार, पोलिसांत द्या, यासाठी कायदा आहे, असं सांगत होतो. त्याला दाराशी नेताना मी विचारलं, "शेखर, ती चकती काय आहे हे तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

त्यानं मान वर केली नाही. "सर, तुमीच तं शिकवलं होतं. पाण्यात दोन तारा, अन्‌ बल्ब. सातवीत."

छाया अकोल्याला बावीस दिवस होती. ती वाचली. बाळ वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर कदाचित. कदाचितच्या पुढे ते काही बोलले नाहीत.

ती घरी आल्यावर मी भेटायला गेलो. देवघराची भिंत खरवडून काढलेली होती, बोळातली टाकी बुजवली होती. चकत्या पुन्हा आपापल्या जागी, पेटी प्लगला. शकुंतलाबाई आता रोज सकाळी प्रत्येक चकतीखाली ओलं बोट लावून ती ओरडते का ते पाहतात. छाया खिडकीपाशी बसली होती. तिनं मला बसायला सांगितलं, चहा विचारला. मग म्हणाली, "सर, एक विचारू? म्या त्या दिवशी भिंतीवरून इचारलं होतं तुमाले. वाटी दाखवली होती."

"हो."

"तवा माहीत होतं तुमाले?"

"हो."

"मंग सांगलं काऊन नाही?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता, वर्गात पोरं शंका विचारतात तसं तिनं विचारलं. मी काय सांगणार होतो? शेजारधर्म? सासूच्या बांगड्या? मी म्हणालो, "चुकलं पोरी," आणि ते शब्द इतके हलके होते की मलाच ऐकवले नाहीत.

म्हणून हे लिहिलं. महाराजांची लबाडी सोपी होती. दोन ठिपके, ओलं बोट आणि एक कोरडं उपरणं. शकुंतलाबाई अडाणी नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. पण मला कळत होतं, आणि मी हसत होतो. भिंत ओली दिसली तर पलीकडे काय आहे ते जाऊन पाहा. पाणी कुठलंही असो, उकळून प्या. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कोणी वाटी पुढे करून विचारलं, हे चांगलं आहे ना, तर तुम्हाला जे ठाऊक आहे ते तिथेच, भिंतीपलीकडे कोण ऐकतं आहे याचा विचार न करता, सांगून टाका.